पूर्वजांच्या रांगेत

ओबेंगने बाटली तिरकी केली आणि दारूची पहिली धार विद्यापीठातल्या नव्या इमारतीसमोरच्या तांबड्या मातीवर सोडली. वरच्या देवाला बोलावून झालं, धरणीला झालं, गावच्या नदीला झालं. मग तो विभागाच्या पूर्वजांकडे वळला. एकेक नाव घ्यायचं, घोटभर दारू ओतायची, आणि जमलेल्यांनी "विए" म्हणून दुजोरा द्यायचा. हा विभागातला सगळ्यात तरुण अध्यापक, पण आवाज खणखणीत होता आणि ओतायची रीत आजोबांकडून शिकलेला होता. म्हणून मान त्याला मिळाला होता.

शेवटच्या रांगेत, फाटकाजवळची खुर्ची धरून प्राध्यापक अफ्राकोमा दांक्वा बसल्या होत्या. वयाने ऐंशी ओलांडलेली. हा विभाग त्यांनीच उभा केला होता, पण आजच्या पाहुण्यांपैकी फार थोडे त्यांना ओळखत होते. त्या एकाच कामासाठी आल्या होत्या. विभागप्रमुख न्सिया हा त्यांचाच विद्यार्थी. त्याला गाठून एक मागणं मागायचं आणि घरी जायचं.

विभागाला आज तिसरी पाटी लागत होती. आधी गृहशास्त्र, मग पोषणशास्त्र, आणि आजपासून अन्नमाहितीशास्त्र. पाट्यांचं त्यांना काही वाटत नव्हतं. पाटी म्हणजे काय, रंग उडाला की बदलायचीच. पण नव्या अभ्यासक्रमातून 'चुलीपाशी आठवडा' गेला होता, आणि ते मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. त्या आठवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याने खेड्यातल्या एका घरात राहायचं, पाणी भरायचं, चूल फुंकायची, आणि भांड्यातलं आधी कोण खातं, मागे कुणाला काय उरतं ते डोळ्यांनी बघायचं. न्सियाने फोनवर अगदी अदबीने सांगितलं होतं की आता पोरांच्या आयाच फोनवरून खाण्यापिण्याची माहिती भरून पाठवतात, लाखो घरांची. एका घरात आठवडा काढायला वेळ कुणाकडे आहे?

"ये, अफ्राकोमा दांक्वा," ओबेंग म्हणाला, "हा तुझा वाटा. ये आणि पी."

दारू मातीत जिरली. जुनी माणसं दचकून गप्प झाली. आणि मागून, नेहमीच्या सवयीने, एक स्पष्ट आवाज आला.

"विए."

अफ्राकोमांनीच तो दिला होता. सगळ्या माना मागे वळल्या. दोघीजणी धावत येऊन त्यांचे हात चाचपू लागल्या, ऊब आहे ना ते बघायला. ओबेंगच्या हातात बाटली तशीच तिरकी, आणि उरलेली दारू बुटावर.

मग चूक कशी झाली ते कळलं. ग्रंथालयात त्यांचं पुस्तक होतं. पानं पिवळी पडलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. अशा पुस्तकाची लेखिका अजून जेवत-खात असेल, हे त्या पोराच्या मनातही आलं नाही.

गावच्या राजाचा प्रवक्ता ओपानिन तुम काठी टेकत पुढे आला. जिवंत माणसाला मेलेल्यांच्या रांगेत बोलावणं म्हणजे त्याला पलीकडे ओढणं. याला दंड होता.

"तुझ्या आजोबांनी तुला ओतायला शिकवलं," तो ओबेंगला म्हणाला, "आधी विचारायला नाही शिकवलं?"

रीतीप्रमाणे मेंढी कापायची, आणि वर ती बाई जे मागेल ते विभागाने द्यायचं. त्याला नाही म्हणता येत नाही. हे ऐकल्यावर न्सिया लगबगीने मागे आला आणि त्यांच्या खुर्चीपाशी वाकला. त्या कशासाठी आल्या आहेत हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

"मागा, प्रॉफ," तो हळूच म्हणाला. "जे असेल ते मागा."

अफ्राकोमा मांडीवरच्या पिशवीचे बंद बोटाभोवती गुंडाळत राहिल्या. मग उभ्या राहिल्या.

"मेंढी नको," त्या म्हणाल्या. "एक नाव राहिलंय, ते घ्या. मिस ग्रीव्ह."

ही कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून त्यांनी सांगितलं. गृहशास्त्राच्याही आधी इथे एक वर्ग चालायचा. कारकुनांच्या बायकांना केकवर साखरेची फुलं काढायला आणि मेजावरच्या कापडावर वेलबुट्टी भरायला शिकवायचे. स्कॉटलंडहून आलेल्या मिस ग्रीव्ह तो चालवत. अफ्राकोमा तेव्हा नव्यानेच शिकवायला लागल्या होत्या. भर बैठकीत उठून त्या म्हणाल्या होत्या की आपली पोरं अंगावरचं दूध सुटलं की वाळून जातात, आणि आपण साखरेची फुलं शिकवतोय. सगळ्यांना ते पटलं. फुलांचा वर्ग बंद झाला. मिस ग्रीव्ह एका शब्दाने बोलल्या नाहीत. जायच्या दिवशी त्यांनी पीठ मोजायचा आपला तराजू अफ्राकोमांच्या मेजावर आणून ठेवला. सामानात जागा नाही म्हणाल्या.

"बाजारात जाऊन पहिलं बाळ मी त्याच तराजूत तोललं," अफ्राकोमा म्हणाल्या. "पारड्यात अजून पीठ होतं. पोषणशास्त्र म्हणता ना, ते तिथून सुरू झालं. पूर्वज मोजायचे तर तिलाही मोजा."

ओपानिन तुमने जरा विचार केला.

"ती दारू घ्यायची का, बहिणी?"

"शिवायची नाही. चहा प्यायची."

"मग पाणी आणा."

ओबेंगने वाडग्यातून पाणी ओतलं आणि मिस ग्रीव्हला बोलावलं. या वेळी 'विए' सगळ्यांनी म्हटलं. मेंढी सुटली, पण मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाने अंडं खायलाच हवं, यावर ओपानिन अडून बसला. ते कुठून तरी उकडून आणलं गेलं आणि सगळ्यांच्या देखत अफ्राकोमांनी ते खाल्लं. मग लोक आत नवी यंत्रं बघायला गेले.

न्सिया मात्र शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला.

"आठवडा मागितला असतात तर मला द्यावाच लागला असता," तो म्हणाला.

"ठाऊक आहे रे. पण मग तो दंड म्हणून चालला असता. पोरं दंड भरल्यासारखी गेली असती आणि आली असती."

न्सिया उठून पाहुण्यांकडे गेला. अफ्राकोमांना वाईट वाटत होतं, आणि स्वतःपासून ते लपवण्याचं त्यांचं वय राहिलं नव्हतं. ज्यासाठी आलो तेच न घेता परत जायचं. आपण मागितलं नाही हे बरं केलं, हे कळत होतं. तरी वाईट वाटायचं थांबत नव्हतं. त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठू लागल्या.

ओबेंग रिकामं वाडगं घेऊन समोर उभा होता. पुन्हा माफी मागेल असं त्यांना वाटलं.

"प्रॉफ, एक विचारू का? आया फोनवर लिहून पाठवतात, बाळाला एक वाटी पेज दिली."

"हं."

"लाखभर ठिकाणी 'एक वाटी' लिहिलंय. मी गणितं करतोय खरा, पण..." त्याने हातातल्या वाडग्याकडे पाहिलं. "वाटी केवढी असते?"

अफ्राकोमा अर्धवट उठलेल्या, तशाच थांबल्या.

"कुणाच्या घरातली?"

"ते कुठे ठाऊक आहे?"

त्यांनी पिशवी खांद्यावरून काढून खाली ठेवली आणि त्या पुन्हा बसल्या.

"खुर्ची ओढ," त्या म्हणाल्या. "आणि आधी त्या न्सियाला बोलावून आण."