चार बोटं दुमड

“अहो, हे काय करून ठेवलंत?” बायकोनं पांढरा फ्रॉक उलटा केला होता आणि खालची दुमड ती बोटांनी मोजत होती. “चार बोटं आत घेतलीत!”

मी इस्त्री उभी ठेवली. खरंच चार बोटं होती. लहान मुलींच्या फ्रॉकला मी तेवढी ठेवतोच. पोर उंच झाली की दुमड सोडायची, फ्रॉक आणखी दोन वर्षं चालतो. बावीस वर्षं हाताला हीच सवय. पण हा फ्रॉक आमच्या टाचणीचा होता. ती काल दुपारी तापानं गेली. आज चार वाजता तिला हा घालून पुरायचं होतं.

टाचणी हे तिचं घरातलं नाव. अकरा वर्षांची, अंगावर मांस म्हणून नाही, आणि तोंड उघडलं की टोचणारी. शिंप्याच्या घरात दुसरं काय नाव पडणार?

मला स्वतःचाच संताप आला. गावभरच्या पोरींची मापं घेणारा मी, आणि माझ्याच पोरीची वाढ थांबली हे माझ्या हातांना कळू नये? मी भराभर टीप उसवली.

“आता काय करताय?”

“जास्तीचं कापून टाकतो.”

तेवढ्यात अर्ध्या शटरखालून एक बाई वाकली. “मास्तर, पडदे झाले का?”

“उद्या,” मी म्हणालो. तिला बिचारीला काहीच ठाऊक नव्हतं. उद्या म्हणायचीही मला सवयच आहे.

ती गेली आणि चर्चचे पाळक आले, शवपेटी किती वाजता पोचेल ते सांगायला. मी कात्री कापडाला लावली होती. ती पुढे जाईना.

“पाळकसाहेब, तुम्ही सांगता, मेलेली उठतील. आमची उठेल?”

“उठेल, मास्तर.”

“मग केवढी उठेल? अकराचीच, का तोवर वाढलेली?”

खरं सांगायचं तर दर रविवारी मी मागच्या बाकावर बसून पुढच्यांच्या कॉलरी बघत असतो. विश्वास आहे का, असं कुणी खडसावून विचारलं असतं तर माझी बोबडी वळली असती. पण आत्ता मला उत्तर हवं होतं. कापलं, तर पोर इथंच संपली असं मीच म्हटल्यासारखं होणार होतं. ठेवलं, तर मी विश्वास ठेवणारा, की वेडा झालेला बाप, काही उमगत नव्हतं.

पाळक एरवी उत्तराला अडत नाहीत. ते स्टुलावर बसले, चष्मा काढला, पुन्हा घातला. “मला माहीत नाही,” ते म्हणाले. “उठवीन, एवढं प्रभूनं सांगितलंय. माप नाही सांगितलं.” मग हळूच म्हणाले, “माझी आई शेवटी मला ओळखत नव्हती. उठेल तेव्हा ओळखेल, एवढंच धरून बसलोय मी.”

मला त्यांचा रागही आला आणि बरंही वाटलं. का बरं वाटलं, ते अजूनही नीट सांगता येत नाही.

“कापू नका,” बायको म्हणाली.

“लोक काय म्हणतील?”

“लोकांना दिसणार कुठं? आत आहे ते.” ती फ्रॉकवरून हात फिरवत होती. “आणि समजा, लागलं तर?”

तिथं तिचा आवाज फुटला. मी कालपासून रडलो नव्हतो, तो कात्री हातात घेऊनच रडलो. दुःख तसूभर कमी झालं नाही. फक्त मघाशी आखडलेले हात पुन्हा चालायला लागले.

कात्री ठेवली आणि दुमड परत घातली, चार बोटं. या वेळी मशीनवर बसलो नाही. मशीनची टीप घट्ट बसते, उसवताना कापडाला भोकं राहतात. मी हातशिलाई घेतली. मला नीट दिसत नव्हतं, म्हणून बायको सुई ओवून देत होती, आणि पाळक फ्रॉकची कड ताणून धरून बसले होते. टाके मी लांब लांब घातले, गाठ अगदी हलकी मारली. ज्या कुणाला ती दुमड सोडावी लागेल, त्याला त्रास नको.