न्हाय म्हणणारी

…नखाखाली शिरलेला तो देठ काही केल्या निघेना. मिरचीचा, वाळका, काडीच्या तुकड्याएवढा. नंदिनीनं दुसऱ्या हाताच्या नखानं तो उकरून पाहिला, मग दातांनी ओढला — आणि तिथंच चुकलं, कारण आता ओठही पेटला. बोटांची आग तर सकाळपासूनच चालली होती. चार वर्षांत हातांची सवय मोडली, दुसरं काय! टाईप करणारी बोटं ही, यांना मिरची कुठून ओळख देणार? आणि समोर विमलावैनी, दादाची बायको — ढिगातली मिरची उचलायची, अंगठ्यानं देठ उडवायचा, मिरची इकडं, देठ तिकडं, तोंड चालू, एक कान आतल्या दुधाकडं… वर्षाची चटणी म्हणजे या घरातलं कार्यच. आज देठ, उद्या ऊन, परवा डंकावर कुटायला. आणि या कार्यात यंदा पहिल्यांदाच कुणी ओरडत नव्हतं.

"वन्सं," वैनी मान वर न करता म्हणाली, "तुमच्या वाट्याची, तिकडं न्ह्यायची, धरू का न्हाय? सांजच्याला मिरची तोलून ठेवायची हाय."

"सांगते," नंदिनी म्हणाली.

सांगते! आठवडाभर ती हेच सांगत होती. वैनीला हेच, दादालाही हेच. आज संध्याकाळी दादा उद्यमनगरातून, आपल्या लेथवरून परत आला की मुंबईच्या एजंटाला ट्रंक कॉल लावणार होता — विमानाचं तिकीट पक्कं करायचं की सोडून द्यायचं. अमेरिकेहून प्रोफेसरांचं पत्र आलं होतं, अगदी सौजन्यानं लिहिलेलं. आईच्या आजाराचं ऐकून वाईट वाटलं, पण महिनाअखेर तू परत आली नाहीस तर तुझी जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. त्यांचं तरी काय चुकलं? गेली तर आईला अशा अवस्थेत टाकून जायचं, राहिली तर चार वर्षांच्या कॉम्प्युटरच्या शिक्षणावर पाणी सोडायचं. मधला रस्ता शोधून शोधून तिचं डोकं भणभणून गेलं होतं.

तिनं मिरच्या बाजूला सारल्या. खाली कागद अंथरला होता — रुंद, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, दोन्ही कडांना भोकं असलेला. तिकडून येताना कामाला लागेल म्हणून आणलेला गठ्ठा. "ह्ये टाकायचं हाय का?" असं वैनीनं विचारलं तेव्हा तिनं मान हलवली होती, आणि आता तिच्या प्रोग्रॅमवर संकेश्वरी मिरची पसरली होती. बियांच्या आडून ओळी दिसत होत्या… जॉन हॉटेलात गेला. जॉननं सूप मागवलं. जॉन बिल न देता निघून गेला. खाली प्रश्न, आणि प्रश्नांखाली मशिनची उत्तरं. जॉन जेवला का? येस. जॉन उपाशी राहिला का? येस. जॉन हॉटेलात गेलाच नाही का? येस.

"व्हय," सोप्यातून आवाज आला.

कुणी काही विचारलं नव्हतं. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली होती, एवढंच.

आईला पौषात झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. नंदिनी येऊन पोचली तोवर एक शब्द परत आला होता — व्हय. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा शब्द तेवढा शिल्लक राहतो, पुढं आणखी येतील किंवा नाही येणार. तेव्हापासून आई सगळ्याला व्हय म्हणते. भूक लागली का? व्हय. पोट भरलं का? व्हय. कावळा ओरडला तरी व्हय, कुकरची शिट्टी झाली तरी व्हय. आणि हे कुणाच्या वाट्याला यावं? चिमणाबाईच्या! जिच्या 'न्हाय'ला सगळी मंगळवार पेठ टरकून होती, तिच्या!

त्या 'न्हाय'वरच तर मी वाढले… वडील, कैलासवासी गणपतराव, गरीब माणूस. दारात आलेल्या कुणालाही त्यांनी कधी नकार दिला नाही, ते सगळं खातं आईकडं. नंदिनी बी.एस्सी.ला होती तेव्हा कोडोलीचे मामा स्थळ घेऊन आले होते. मुलगा चांगला, ऊस चांगला, माणसं चांगली. आईनं सगळं ऐकून घेतलं, पदर खोचला आणि म्हणाली, "पोरगी शिकाय निघालीया. न्हाय म्हंजे न्हाय. च्या घ्या आनि वाटंला लागा." मामा वर्षभर बोलले नाहीत. पुढं अठ्ठ्याहत्तर साली अमेरिकेचं ठरलं तेव्हा दादानंही कुरकुर केली — एकटी पोरगी, साता समुद्रापलीकडं, लोक काय म्हणतील — तर त्याच्यावर केवढ्यांदा उखडली होती! "मग काय तुझ्या लेथवर बशीवतोस तिला? न्हाय बसायची ती!" शेजारच्या आक्का भिंतीपलीकडून हसल्या होत्या. आईचं 'हो' नंदिनीला कधी लागलंच नाही. आई बाकीच्यांना न्हाय म्हणत गेली आणि तेवढ्या जागेतून नंदिनी पुढं निघत गेली, मुंबईला, मग तिकडं.

मध्ये एकदा सुट्टीत घरी आली असताना तिनं आईला आपलं काम समजावून सांगितलं होतं. मशिनला गोष्ट सांगायची, आणि मग गोष्ट कळली का ते बघायला त्याला प्रश्न विचारायचे. आई भाकरी थापता थापता थांबली होती. "गोष्ट सांगिटली की पोरं झोपत्यात. तू उठीवतीस व्हय गं त्याला? काय तरी बाई एकेकाचा धंदा!" आणि मग आठवडाभर गल्लीत सांगत फिरत होती, माझी नंदा अमेरिकेत मशिनला गोष्टी सांगती म्हणून.

ते सगळ्याला 'येस' म्हणणारं मशिन… एक आठवडा तिचा प्रोग्रॅम असा बिघडला होता. चूक कुठं आहे ते सापडेना. वर्गात सगळे हसले, तीही हसली — हसण्यावाचून काय करणार, पंधरा मुलगे आणि त्यांत ही एकटी बाई, एकटी हिंदुस्थानी. प्रोफेसर मात्र हसले नाहीत. मृदू माणूस, कोटाला सदा खडू लागलेला. म्हणाले, तुझं मशिन फार सभ्य आहे, पण ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या हो म्हणण्याला काही अर्थ नसतो. त्याला गोष्ट कळलेली नसते. नंदिनीला ते इतकं पटलं होतं, इतकं आवडलं होतं! आणि आता सोप्यातून तो आवाज आला की तेच वाक्य तिच्या डोक्यात वाजायचं. नको नको म्हटलं तरी वाजायचं. आईला कळत नाही असं मी म्हणतेय का? माझ्या आईला?

"आत्याबाई म्हनल्यात," वैनी म्हणाली, "नंदाला जाऊ दे म्हनून."

"म्हणाल्या म्हणजे?"

"मी इच्यारलं. नंदाला धाडू न्हवं परत? तर व्हय म्हनल्या की."

"वैनी, आई सगळ्यालाच—"

"मला कळतंय त्यांचं कुठलं व्हय कसलं हाय ते," वैनी ठासून म्हणाली आणि दूध बघायला उठली.

कळतंय म्हणे! तिकडंही लोक मशिनच्या दोन ओळी वाचून असंच म्हणायचे, याला माझं मन कळतं. माणूस अर्थ आपल्या पदरचा घालतो आणि… पण वैनी कशाला घालेल? मला घालवायला? मी राहिले तर तिचंच काम हलकं होणार. अंग पुसणं, कूस बदलणं, बेडपॅन, सगळं ती एकटी करते आहे, आणि तरी जा म्हणते आहे. हिच्यावर संशय घ्यायचा? नंदिनीला स्वतःची लाज वाटली आणि लाज वाटूनही संशय गेला नाही.

दुपारी वैनी उद्याच्या वाळवणासाठी माडीवरची गच्ची झाडायला गेली. नंदिनी वाटीत दूध-भात कालवून सोप्यात आली. आई उशीला टेकून होती. तोंड डावीकडं ओढलेलं, उजवा हात मांडीवर कुणी ठेवावा तसा ठेवलेला. नंदिनीनं एक चमचा भरवला, दुसरा भरवला, आणि मग काय झालं कुणास ठाऊक — आपण करतो आहोत ते तिला दिसत होतं, थांबवता येत नव्हतं.

"आई, तुझं नाव चिमणाबाई ना?"

"व्हय."

"तुझं नाव यल्लव्वा?"

"व्हय."

"आपलं घर पन्हाळ्यावर आहे?"

"व्हय."

"मी जाऊ?"

"व्हय."

"जाऊ नको?"

"व्हय."

"दादा तुझा मुलगा नाहीच ना?"

आईचा डावा हात उठला. वाटीला लागला. दूध-भात चादरीवर, नंदिनीच्या साडीवर. मुद्दाम? की हात नुसता झटकला गेला? डाव्या हातात जोर आहे, पण ताबा अजून नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. आईनं तोंड भिंतीकडं फिरवलं. उजव्या डोळ्यातून पाणी आलं, पण तो डोळा झटक्यापासून येता-जाता गळतच असतो, त्यावरून काय समजायचं?

"परीक्षा घेताय काय त्यांची?" दारात वैनी उभी होती. "शिकल्यासवरल्या तुमी. असलं सासरच्या मान्सानं केलं तर आमी त्याला काय म्हनतो ठाव हाय?"

नंदिनी उठली. फडकं आणून तिनं चादर पुसली, मग चादरच बदलली. आईला कुशीवर घेताना वैनी एका बाजूनं, ती एका बाजूनं. आईचं वजन पूर्वी होतं तेवढंच होतं. मागच्या मोरीत जाऊन तिनं साडीचा ओला पदर पाण्याखाली धरला आणि तिथंच थांबून राहिली…

…पहिला हिवाळा. बर्फ, आणि त्यांचं ते नाकातलं, गिळलेलं इंग्रजी. इथं वर्गात पहिली येणारी मुलगी, आणि तिथं दुकानातली बाई काय विचारते तेही कळेना. दोनदा 'पार्डन' म्हणायचं, तिसऱ्यांदा म्हणायची लाज. मग ती येस म्हणायची. घरमालकीण बोलली की येस. परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसातला माणूस बोलला की येस, येस. अशी येस म्हणूनच तिनं ती हीटर नसलेली खोली घेतली, येस म्हणून गाईच्या मटणाचं सूप पुढ्यात आलं, येस म्हणून कुणाच्या तरी चर्चमध्ये दोन रविवार गाणी म्हणत उभी राहिली. बोलणारे हळू, मोठ्यांदा बोलायला लागले होते तिच्याशी, लहान मुलाशी बोलावं तसे. आणि आत? आत ती सगळी शाबूत होती! आत मंगळवार पेठ होती, आईच्या शिव्या होत्या, अख्खं गणित होतं, रागही होता. मला कळतंय रे, असं ओरडावंसं वाटायचं, आणि तोंडातून यायचं येस. किती महिने. आणि त्या महिन्यांत कुणी तिला विचारलं असतं, तुझं नाव यल्लव्वा का, तर…

नळ चालूच होता. तिनं तो बंद केला. तिला हुंदका आला, मोठ्यांदा आला, तो वैनीला ऐकू गेला असणार.

दिवेलागणीला दादा आला. हाताचं ग्रीस रॉकेलनं पुसत सोप्याच्या पायरीवर बसला. "काय मग नंदा? काय सांगू त्या एजंटाला?"

आतून वैनी तागडी घेऊन आली. मिरच्यांचं पोतं तिनं सोप्यात आणून ठेवलं, आणि डाव्या हातानं आईची उशी जरा वर केली, आईला दिसावं म्हणून. दरसाल आई तोलताना पोत्याशी उभी राहायची, आणि चिमूटभर कमीजास्त झालं की तोंडाचा पट्टा सुटायचा. "वन्सं, धरू का तुमची?" वैनीनं विचारलं. दुपारचा राग तिच्या आवाजात नव्हता.

नंदिनीनं आईकडं पाहिलं. सवयच ती. जन्मभर असंच झालं होतं, प्रश्न तिला यायचा आणि उत्तर आई द्यायची. आईही तिच्याकडं बघत होती. डोळे स्थिर होते. आणि नंदिनीला एकदम कळलं की या बाईच्या तोंडून मी परवानगी काढायला बघते आहे; हो म्हणाली तर तिनं पाठवलं म्हणून जाईन, नाही म्हणाली तर तिनं अडवलं म्हणून राहीन. आणि मला तर जायचंच आहे. पत्र आलं त्या दिवसापासून जायचं आहे. आईची अशी दशा झालेली असताना जायचं आहे.

"धरा, वैनी," ती म्हणाली. "माझी धरा."

दादानं मान खाली घातली. वैनीनं तागडीत मिरच्या ओतल्या, ठसका उठला, सगळे खोकले.

नंदिनी खाटेवर आईशेजारी बसली. "आई," ती म्हणाली, "मी जातो." कॉलेजात गेल्यापासून ती 'जाते' म्हणायची, हे आईच्या बोलीतलं 'जातो' कुठून आलं तोंडात तिचं तिलाच कळलं नाही. "मी जातो गं."

आई बोलली नाही. बाहेर कुणाची तरी म्हैस हंबरली, आक्कांच्या घरात भांडं पडलं, तरी आई बोलली नाही. नंदिनी तिच्या ओठांकडं बघत राहिली. म्हण की… कशालाही म्हणतेस, आता म्हण. कुठल्याही अर्थाचं म्हण, मी विचारणार नाही. ओठ हलले नाहीत. आई तिच्याकडं नुसती बघत होती, आणि त्या बघण्यात राग होता की आशीर्वाद, की दोन्ही, ते ओळखायला तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. इतकं एकटं तिला त्या बर्फातही वाटलं नव्हतं. वैनीनं तागडी समान केली, "बास का एवढी?" असं विचारलं, आणि नंदिनी म्हणाली, "आणखी थोडी घाला."