बहिऱ्या डब्याचं माप

आता सांगतो ते तुमी मानणार न्हाई, आणि मानूबी नका, असं बजावूनच निवृत्त सुभेदार आकाराम सांगलीत माजी सैनिकांच्या कॅन्टीनसमोर रांगेत पाय रोवून उभे राहिले. रांग हलत नव्हती. म्हणजे मैदान मोकळं.

मूळ वैर साताऱ्यातलं. हौशी रेडिओवाल्यांच्या मेळाव्यात रहिमतपूरच्या लालासाहेबानं आकारामांच्या घरी बनवलेल्या प्रीॲम्पला, म्हणजे अँटेनातला बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या डब्याला, चारचौघांत 'बहिरी म्हैस' म्हटलं होतं. लोक खिदळले. पलूसला परतल्यावरही वायरलेसवर कुणी आकारामांना साद घातली, की पलीकडून आधी हंबरणं ऐकू यायचं. सुभेदारांनी ते हंबरणं वर्षभर गिळलं. भाकरीबरोबर गिळलं, चहाबरोबर गिळलं. आता ध्यास एकच: त्याच मंडळींसमोर लालासाहेबाचा डबा बहिरा ठरवायचा.

यंदा संधी चालून आली. मेळाव्यात व्हीएनए नावाचं यंत्र मांडलं होतं. एका तोंडातून सिग्नल सोडायचा, डब्यातून फिरवून दुसऱ्या तोंडात घ्यायचा. किती वाढला ते पडद्यावर दिसतं. पण फार जोराचा सिग्नल आत शिरला, तर यंत्रच जळायचं. आकारामांची हयात सिग्नलच्या पलटणीत गेलेली, म्हणून मोजायला त्यांनाच बसवलं.

त्यांनी सोडायचा सिग्नल बारीक केला. परतीच्या वाटेवर सिग्नल दाबणारी पितळी तोटी, ॲटेन्युएटर, चढवली. डबा न लावता नुसत्या तारा जोडून यंत्र शून्यावर आणलं. मग आपला डबा लावला. वीस डीबी वाढ, म्हणजे सिग्नलची ताकद शंभरपट. आकारामांच्या सांगण्याप्रमाणे, पाचगणीत स्ट्रॉबेरीला लाली चढते त्याचाही आवाज त्या डब्यात आला.

मग लालासाहेबाचा चकचकीत डबा आला. आकारामांनी हात जोडले. तुमचा डबा दांडगा, यंत्र नाजूक, उगा धोका नको, असं म्हणून त्यांनी मोठ्या आदरानं वीस डीबीची आणखी एक तोटी चढवली. लालासाहेबानं खुशीत मिशीला पीळ भरला. पडद्यावर रेघ उमटली ती शून्यावर, सपाट. तारा पुन्हा कसल्या, वीज तपासली. सपाटच.

"आन मग मागनं कुनीतरी हंबरलं," आकाराम म्हणाले. "लालासाहेब डबा काखेत मारून असा सुटला, की रहिमतपूरची एस्टी त्याच्या मागनं पळत हुती."

रांग खदखदली. हसला नाही तो एकटा आप्पासो. पलटणीच्या वर्कशॉपात तो आकारामांच्याच बाकावर बसायचा.

"आकाराम, ती दुसरी तोटी चढवल्यावर यंत्र परत शून्यावर आणलंस?"

सुभेदार कॅन्टीनकडं बघू लागले. दार उघडलं का रं, असं त्यांनी पुढच्याला विचारलं.

"दार ऱ्हाऊ दे," आप्पासो म्हणाला. "त्याच्या डब्यानं वीस वाढवलं, तुझ्या तोटीनं वीस खाल्लं, म्हनून शून्य. त्याचा डबा तुझ्याइतकाच चांगला हाय. लबाड बोलतूयास गड्या."