दोरा तोडणारा सुळा

"तोंड उघडा, मावशी."

मी ओठ आणखी घट्ट मिटले. डावा गाल फुगून डोळ्याला टेकलेला, कातडी तांबडीलाल झालेली, तरी त्या कलत्या खुर्चीत मी ताठ बसले होते. खुर्ची मागे कलली म्हणून माणसानं कलायचं नसतं.

"आई, उघड ना गं," माझी मुलगी रेआ म्हणाली. तिच्या एका हातात माझा कोट, एका हातात तिचा. "लहान मूल आहेस का?"

"लहान असते तर घाबरून उघडलं असतं," मी दातांआडून म्हटलं.

कोपऱ्यात बसलेली माझी थोरली बहीण देलिमा हसली. तिची कवळी दिव्याखाली चमकली. देलिमा हसते तेव्हा दाखवण्यासाठीच हसते. दात सगळे सारखे, सगळे पांढरे, चर्चच्या कुंपणासारखे.

समोर उभी असलेली दातांची डॉक्टर माझ्या नातीएवढी. केस बांधलेले, हातात आरसा, चेहऱ्यावर घाई नाही. पण घाई होती, हे मलाही ठाऊक होतं.

माझ्या जिभेच्या बुडाशी कॅन्सर निघाला होता. गावात हे कळलं तेव्हा दोघी-तिघी तरी नक्की म्हणाल्या असतील, एल्मिनाला दुसरीकडे कुठे निघणार? म्हणोत. त्या जिभेनं मी पाच पोरं वाढवली, एक नवरा पुरला आणि मासळीच्या कारखान्यातले तीन मुकादम सरळ केले. आता तिच्यावर किरणांचे उपचार करायचे होते. त्यासाठी चेहऱ्यावर बसणारा प्लास्टिकचा मुखवटा गेल्या आठवड्यात तयार केला होता. तो टेबलाला खिळवतात, म्हणजे माणूस हलत नाही. आज सकाळी तो घालून बघायला बोलावलं, तर माझा गाल त्यात मावेना. नर्सनं एकदा दाबून पाहिलं आणि मी तिला अशी शिवी दिली की तिनं मुखवटा खाली ठेवून सरळ दातांच्या विभागाला फोन केला.

खरं तर इथं मी आधीच यायला हवं होतं. किरणांआधी दात तपासून घ्या, असं मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं. दिवसही ठरला होता. त्या दिवशी रेआला मोटारीत बसवून मी आत आले, खालच्या मजल्यावर कॉफी प्यायले आणि परत जाऊन सांगितलं, "सगळं उत्तम आहे म्हणाले."

दाढ तर महिनाभर ठणकत होती. लवंग दाबून, मिठाच्या पाण्यानं चुळा भरून, झोप न झालेले डोळे धुऊन मी सकाळी चुलीपाशी उभी राहायचे. बोलले नाही. दात काढणाऱ्याच्या हाती तोंड दिलं की काय होतं, हे मी माझ्या बापाच्या स्वयंपाकघरात पाहिलं होतं.

आम्हा अकाडियन लोकांत, म्हणजे कॅनडाच्या पूर्वेकडच्या जुन्या फ्रेंच वस्तीत, आमच्या किनाऱ्यावर तरी, तेव्हा मुलीचं लग्न ठरलं की बाप तिचे सगळे दात काढवून घ्यायचा. किडलेले तसेच धडधाकटही. मग कवळी बसवायची. तोच बापाचा आहेर. पुढे नवऱ्याच्या मागे दातांचं लचांड नको. दात काढणारा थादे पुलापलीकडून यायचा, पिशवीत पकडी घेऊन. त्याला शिक्षण नव्हतं, फक्त मनगट होतं. देलिमाला स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवी केली तेव्हा मी दाराआड उभी होते. ती ओरडली नाही. आई बशी धरून उभी होती आणि बशीत दात पडत होते, टक, टक.

दोन वर्षांनी माझी पाळी आली. थादेनं माझ्या तोंडात बोट घातलं आणि मी त्याच्या अंगठ्यात दात रुतवले. हाडापर्यंत. तो अंगणात नाचत सुटला. बापानं मला काठी दाखवली, होणाऱ्या सासूनं नाक मुरडलं. पण ओनेझिम, ज्याच्याशी माझं ठरलं होतं, तो दारात टोपी हातात घेऊन म्हणाला, "राहू देत तिचे. एवढं चावता येतं तर माझ्या जाळ्यांचे दोरे तोडता येतील."

आणि तोडले. शेवंडीच्या सापळ्याला आत जाळीचं तोंड लागतं, नरसाळ्यासारखं. शेवंड, म्हणजे ती मोठी नांगीवाली कोळंबी, आत जाते, बाहेर येत नाही. ओनेझिमच्या सगळ्या सापळ्यांची तोंडं मी विणली, आणि प्रत्येक गाठीनंतर दोरा तोडला तो डाव्या सुळ्यानं. तो मरेपर्यंत, आणि त्यानंतर जावयाच्या सापळ्यांचेही. त्या सुळ्याला खाच पडली होती, दोरा बरोबर बसायचा. कात्री लागते ती आळशी बायकांना.

तर असे माझे दात. गावातल्या माझ्या वयाच्या बायकांत एकटीचे. ते मी कुणापुढे उघडे करणार?

डॉक्टरीण स्टूल ओढून माझ्यापाशी बसली. आरसा बाजूला ठेवला. आमचीच बोली बोलत होती, म्हणून मी विचारलं, "तू कुणाची गं?"

"व्हालेरी. कामिलची."

"कामिल किनाऱ्यावर खंडीभर आहेत."

"थादेच्या कामिलची, मावशी. पुलापलीकडच्या."

देलिमाचा हात आपोआप तोंडावर गेला. रेआनं आधी मावशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ही गोष्ट ती पाळण्यात असल्यापासून ऐकत आली होती.

"थादेची नात!" मी म्हटलं. "रेआ, माझा कोट दे."

"आजोबांच्या अंगठ्यावर एक खूण होती," व्हालेरी शांतपणे म्हणाली. "अर्ध्या चंद्रासारखी. आम्ही पोरं विचारायचो, तर म्हणायचे, कुत्रं चावलं."

"कुत्रं?" मी उसळले. "कुत्रं म्हणाला? मला? अरे, त्या मेल्यानं..."

"असंच राहू द्या, मावशी. आणखी थोडं मोठं. हां."

तिचा आरसा आत गेला होता. चलाख कार्टी. त्या क्षणी ती मला आवडली, पण मी दाखवलं नाही.

मग फोटो काढले. जबड्याचा काळापांढरा फोटो तिनं भिंतीवरच्या पडद्यावर लावला आणि त्यावर पेन्सिल ठेवली.

"डावीकडे खालच्या या दोन दाढांखाली पू आहे. सूज त्याचीच. तो असताना किरण सुरू करता येत नाहीत, आणि तुमचा कॅन्सर काही थांबून राहणार नाही. दुसरं असं, किरण लागले की जबड्याच्या हाडाला रक्त कमी मिळतं. ते आयुष्यभर तसंच राहतं. नंतर कधी दात काढावा लागला तर जखम भरत नाही, हाड सडू शकतं. म्हणून जे टिकणार नाही ते आजच काढायचं. भरून यायला दोन आठवडे मिळतात. दोन आठवड्यांनी किरण सुरू."

"सगळे काढणार," मी म्हटलं. विचारलं नाही. सांगितलं.

"सगळे कशाला? तीन."

मला वाटलं, ही पोर दात मोजायला शिकलेली नाही. "आणि बाकीचे?"

"बाकीचे तुमचे. या वयात असे दात मी कुणाचे पाहिले नाहीत. नीट सांभाळले तर तुमच्याबरोबर येतील."

रेआनं सुस्कारा सोडला. मी मान वर केली. ऐकलंस ना, असं देलिमाकडे पाहिलं. देलिमा पर्सचा बंद चाळवत होती.

"दोन दाढा कळल्या," मी म्हटलं. "तिसरा कोण?"

तिनं पेन्सिल पुढे सरकवली. डावा सुळा.

"तो दुखत नाही."

"मेलाय, म्हणून दुखत नाही. बुडापर्यंत चीर गेलीय. हे बघा. याच्यावर रोज काय ओढत होतात?"

"संसार."

"मावशी..."

"दाढा घे. दोन काय, चार घे. सुळा राहील."

"सुळा राहिला तर किरणांनंतर तोच सडेल. मग दात नाही, जबडा जाईल."

"बघू तेव्हा."

"आई!" रेआचा आवाज फुटला. "एका दातासाठी? बाबा असते तर..."

"बाबा असते तर म्हणाले असते, राहू देत तिचा," मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला बारीक वाटला.

व्हालेरीनं हातमोजे काढून टेबलावर ठेवले. ती जबरदस्ती करणार नव्हती, हे मला कळलं. त्यामुळे भांडायला कुणी उरलं नाही, आणि भांडायला कुणी नसलं की मला काही सुचत नाही.

देलिमा उठली. आयुष्यभर ती माझ्यापुढे कवळी मिरवत आली. बघ, कधी दुखणं नाही, कधी डाग नाही, मी नशीबवान गं, बापानं मला ही दिली. ती आली आणि माझ्या पायांपाशी उभी राहिली.

"माझा एकही दात दुखत नव्हता, एल्मिना," ती म्हणाली. "त्या दिवशी. एकही नाही. सगळे चांगले होते."

मी खुर्चीचे हात धरून पुढे वाकले.

"मला कुणी विचारलं नाही. बापानं नाही, थादेनं नाही. तुझ्या शेजारी ही बसलीय, फोटो दाखवतेय, तीनच म्हणतेय आणि तुझ्या 'हो'ची वाट बघतेय. थादेची नात! आणि तू एका मेलेल्या सुळ्यापायी रुसून बसलीस. मला तीनच म्हणून कुणी विचारलं असतं ना, मी तिच्या पाया पडले असते."

एवढं बोलून तिनं माझा हात धरला. कोट धरावा तसा, घट्ट.

मी व्हालेरीला म्हटलं, "तीन."

"तीन."

"चौथ्याला हात लावलास तर?"

तिनं उघडा अंगठा माझ्या ओठांपाशी आणला. "तर हा इथंच आहे. कुत्र्यासारखा चावा."

देलिमा अशी हसली की तिची कवळी हलली. मी तोंड उघडलं.

भूल दिल्यावर दुखलं नाही. दाढांनी कुरकुर केली, सुळा मात्र सहज सुटला, पिकलेल्या फळासारखा. मी छताकडे पाहत होते. देलिमाची बोटं माझ्या हातात रुतत चालली होती. भूल मला दिली होती. तिला त्या टेबलावर कुणी दिली नव्हती.

"सुळा मला हवाय," मी जड जिभेनं म्हटलं.

व्हालेरीनं तो धुऊन कापसावर ठेवला. त्याची खाच तिनं नखानं चाचपली आणि काही न विचारता कापूस माझ्या मुठीत दिला. मग राहिलेल्या दातांसाठी दोन पारदर्शक साचे करायला माप घेतलं. त्यात औषध घालून रोज दातांवर बसवायचे. किरणांनी लाळ सुकते आणि दात किडतात म्हणून.

"किती दिवस?" रेआनं विचारलं.

"जन्मभर."

"म्हणजे आता मला दातांसाठी जगावं लागणार," मी म्हटलं. शब्द कसेतरीच फुटले, पण तिघींनाही कळले.

सूज उतरली. जखमा भरल्या. व्हालेरीनं बोट फिरवून पाहिलं आणि चांगल्या भरल्या म्हणून मोठ्या डॉक्टरांना कळवलं. नवा मुखवटा केला. या वेळी तो बरोबर बसला. त्याच्या जाळीतून मी नर्सला विचारलं, "कशी दिसते?" ती म्हणाली, "मागच्या वेळेपेक्षा शांत." मी म्हटलं, "मुखवटा काढलास की बघ."

उपचार सोमवारी सुरू होणार होते. त्याआधीच्या दुपारी देलिमा फ्रिकोचं भांडं घेऊन आली. कोंबडी आणि बटाटे इतके शिजवलेले की चमच्याखाली लगदा. डावी बाजू अजून हुळहुळत होती, म्हणून मी उजवीकडून हळूहळू खात होते. देलिमानं माझ्याकडे पाहिलं, पाठ न फिरवता दोन्ही कवळ्या काढून बशीत ठेवल्या आणि माझ्यासमोर बसून हिरड्यांनी खाऊ लागली. तिच्या नवऱ्यानंही मरेपर्यंत तिला तशी पाहिली नव्हती. तिचा चेहरा आईसारखा दिसला. मी काही बोलले नाही. माझ्याच्यानं कधी न झालेली गोष्ट आहे ती.

जेवण आटोपल्यावर मी जाळीचं काम मांडीवर घेतलं. हंगाम तोंडावर होता, जावयाचे सापळे अंगणात रचून पडले होते. लाकडी सुई जाळीच्या एका घरातून दुसऱ्या घरात फिरली, गाठ बसली. मी दोरा तोंडाकडे नेला. डावीकडे, नेहमीच्या जागी. दोरा मोकळ्या हिरडीवरून घसरला.

देलिमानं तिच्या पर्समधली कात्री काढली आणि मुठीकडून माझ्यापुढे धरली. कवळी बशीतच होती, त्यामुळे तिला नीट बोलता येईना. तिनं नुसती मान हलवली. घे.

मी तिचा हात बाजूला केला. दोरा तोंडाच्या दुसऱ्या बाजूला नेला. उजव्या सुळ्याला खाच नव्हती, दोरा बसेना. निसटला. पुन्हा धरला, मान तिरकी केली, चावले.

तुटला.

जाळीचं तोंड मी ढिगावर टाकलं आणि दुसरं घेतलं.