बायकोच्या हातातलं औषध

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे काजवाली म्हणत. बारा वर्षं ती एकाच मशीनवर काजं पाडत होती आणि हात इतका बसलेला, की गप्पा मारतामारता काम उरकायची. पण त्या शुक्रवारी सकाळी तिने तीन शर्टांची काजं उलट्या बाजूला पाडली.

मुकादम खेकसला, "लक्ष कुठंय बाई तुमचं?"

लक्ष घरी होतं. नवरा दुपारी यायचा होता. तो बोअरिंगच्या गाडीवर कामाला, दोन-दोन महिने बाहेर. 'आठ दिवस राहीन' असा त्याचा फोन आला होता. माणूस वाईट नव्हता. पण बाहेर कसा राहतोस, हे त्याला विचारायची सोय नव्हती.

थोरला दीरही त्याच गाडीवर होता. चार वर्षांपूर्वी झिजून झिजून गेला. 'काविळीनं गेला,' सासूबाई सांगत. पुढे जाऊबाईंच्या रक्तात एचआयव्ही निघाला आणि सगळी बोटं त्यांच्याकडे वळली. 'हिनेच माझा मुलगा खाल्ला!' सासूबाई म्हणत. त्यांचं ताट वेगळं झालं, मागची खोली त्यांना दिली गेली. दवाखान्याच्या गोळ्यांवर त्यांची तब्येत सावरली, पण घरातलं कोणी त्यांच्याशी धड बोलत नव्हतं.

म्हणून दवाखान्यातल्या सिस्टरने एचआयव्हीपासून वाचवू शकेल अशा नव्या जेलच्या, म्हणजे मलमासारख्या औषधाच्या चाचणीबद्दल सांगितलं, तेव्हा काजवालीने लगेच नाव दिलं. संबंधाआधी बाईने स्वतःच आत लावायचं, कोणाची परवानगी नको. सिस्टरने काहीही लपवलं नव्हतं. "काही नळ्यांत औषध आहे, काहींत साधं जेल. तुमच्या नळीत काय, मलाही ठाऊक नाही. औषध चालतं का, तेच शोधतोय. तेव्हा कंडोम सोडू नका."

"सिस्टर, कंडोम त्यांच्या मर्जीवर. माझ्या हातात काय असेल, ते द्या," ती म्हणाली होती.

सुट्टी घेऊन ती दुपारी घरी पोचली, तर पलंगावर नळ्या पसरलेल्या. शेजारी नवरा बसला होता. सासूबाईंना कपाट आवरताना नळ्यांचा डबा सापडला होता.

"हे काय उद्योग? मूल नको म्हणून?" सासूबाई कडाडल्या.

"नाही आई. जाऊबाईंना झालं, ते मला होऊ नये म्हणून."

नवरा ताडकन उठला. "म्हणजे माझ्यावर संशय? लग्नाचा नवरा आहे मी तुझा!"

"भावजीही लग्नाचेच नवरे होते."

त्याने नळ्या गोळा करून कचऱ्यात टाकल्या. "आजपासून हे बंद."

ती म्हणाली, "बंद तर बंद. आधी दोघं रक्त तपासून घेऊ. तोवर मी जाऊबाईंच्या खोलीत झोपेन."

"त्या पापिणीच्या?" सासूबाई ओरडल्या. "तिनं एक मुलगा गिळला, आता तू दुसऱ्याची अब्रू वेशीवर टांग!"

जाऊबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. एवढ्या वर्षांत त्या पुढच्या खोलीत आल्या नव्हत्या.

"पाप माझं का आई? माझ्या नवऱ्याच्या रक्ततपासणीचा कागद तुमच्या गादीत शिवलेला होता. हे गेल्यावर गादी उसवली, तेव्हा मला मिळाला. मला आजार कळला, त्याच्या दोन वर्षं आधीची तारीख होती त्यावर. जायला जागा नव्हती, म्हणून मी गप्प बसले."

सासूबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. पुटपुटल्या, "तुला कळलं असतं, तर तू गेली असतीस. माझ्या पोराचं कोणी केलं असतं?"

भावाला आधीपासून आजार होता, हे नवऱ्याला तेव्हाच कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग उचलून तो कामावर निघून गेला.

मग सुरू झाले नातेवाइकांचे फोन. सख्खा भाऊसुद्धा म्हणाला, "अगं, संसारात थोडं सोसायचं असतं."

"थोडं म्हणजे किती, दादा? जाऊबाईंएवढं?" भावाने फोन ठेवला. ती मात्र कितीतरी वेळ घरात येरझाऱ्या घालत राहिली.

दोन महिन्यांनी सिस्टरने चाचणीतल्या सगळ्या बायकांना बोलावलं. निकाल आला होता. औषधाचं जेल साध्या जेलपेक्षा चांगलं ठरलं नव्हतं.

"मग आम्ही उगाचच केलं हे सगळं?" एकीने विचारलं.

"उगाच नाही. हे चालत नाही, हे तुमच्यामुळे कळलं. दुसरी औषधं शोधणं चालूच आहे."

काजवाली उठली. "पुढच्या चाचणीत माझं नाव घाला. पण सिस्टर, औषध निघालं तरी बाईला ते चोरासारखं लपवावं लागणार असेल, तर त्या घराला काय औषध द्याल?"

सिस्टरने तिचं बोलणं वहीत लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यापासून तिने नवऱ्यांसाठी आणि सासवांसाठी बैठका सुरू केल्या. पहिल्या बैठकीला चौघंच आली. त्यांत काजवालीच्या सासूबाई होत्या. परत आल्यावर त्यांनी जाऊबाईंचं ताट स्वतःच्या ताटाशेजारी मांडलं. जाऊबाई त्या दिवशी जेवायला आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या.

नवरा पुढच्या खेपेला आला, तेव्हा बॅग खाली न ठेवताच म्हणाला, "दवाखाना किती वाजता उघडतो?"

दोघं गेली, दोघांनी रक्त दिलं. निकाल काय आला, हे वाचकांना कळणार नाही. ती त्या दोघांची गोष्ट आहे. एवढं मात्र खरं, की तो कागद त्यांनी मिळून उघडला. तुमच्या घरात असा कागद आला, तर तो कोणाच्या हाती जाईल?