सुगरणीच्या खोप्यातला धागा

मी सुरतेजवळच्या उधन्याच्या लूमवरचा धागा बोलतोय. म्हणजे आता नुसता गुंताच. कापड होणं माझ्या नशिबात नव्हतं. बॉबिनवर उरलो आणि वेस्टच्या, टाकाऊ धाग्यांच्या पोत्यात पडलो. पण अंगात नायलॉनचा माज होता. लूमवर धागा तुटला की कारागीर शिव्या घालतो. मी कधी तुटलो नाही, याचा मला कोण अभिमान!

दगा नावाच्या कारागिरानं मला मूठभर उचलून घरी नेलं. भांडी घासायला, हात पुसायला असं वेस्ट आमच्याकडे सगळेच नेतात. शहाण्णव सालच्या श्रावणात खानदेशी लोकांच्या कानबाई देवीला नदीत बोळवायला दगाचं कुटुंब शहराबाहेर तापीकाठी गेलं, तेव्हा पिशवीत मीही होतो.

कानबाई बोळवून झाली, जेवणं झाली. दगाची बायको शोभाबाई पत्रावळी गोळा करता करता म्हणाली, "अहो, आपला कचरा घर लई चाला बरं, आठे टाकू नका."

दगाचं लक्ष कुठे! पाण्यावर वाकलेल्या बाभळीवर सुगरण पक्षी गवताची एकेक काडी ओवून खोपा विणत होता. तेरा वर्षं लूम चालवलेला माणूस तो, बघतच राहिला. मग त्यानं मला मोकळं करून फांदीला अडकवलं.

"ले रे भाऊ, आमना माल वापर. तू बी विणस, मी बी विणस."

त्याची सात वर्षांची लेक वैशाली टाळ्या पिटत म्हणाली, "आप्पा, पिल्लं देखाले येऊत ना?"

"येऊत ना, बेटा."

पक्ष्यानं मला खरंच चोचीत धरून खोप्यात ओवलं. देवाशप्पथ सांगतो, कापड झालो नाही हे दुःखच मी विसरलो. पुढे अंडी आली, पिलं आली. त्यातलं एक रोज माझ्यावर पाय ठेवून झोपायचं. तेच माझं लाडकं.

त्याच पायाला मी वेढा घातला, मला कळलंसुद्धा नाही. बाकीची दोन उडाली. हे झेपावलं आणि खोप्याखाली उलटं लटकलं. गवत असतं तर काडकन तुटलं असतं. मी तुटेना. तूट मेल्या, तूट! किती शिव्या घातल्या स्वतःला. त्याची आई चारा घेऊन यायची, नुसती घिरट्या घालायची. दोन दिवस आली. तिसऱ्या दिवशी आली नाही.

त्यानंतरच्याच सुट्टीला दगा कबूल केल्याप्रमाणे लेकीला पिलं दाखवायला घेऊन आला. वर बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. तो गुडघाभर पाण्यात उतरला, खिशातल्या कातरीनं मला कापलं आणि ते गार पडलेलं पिलू ओंजळीत घेऊन बाहेर आला.

वैशालीनं पिलाच्या पायातला माझा वेढा बघितला. मग म्हणाली, "आप्पा, त्यानाकडे खोपाले गवत व्हतं ना?"

दगा लेकीसमोर रडला बिचारा.

त्या दिवशी दगानं मलाही परत नेलं. आता मी त्यांच्या पिशवीच्या बंदाला बांधलेला आहे. नदीवरून निघताना शोभाबाई मला हातात धरते आणि सगळं गोळा झालं का ते बघते. तुम्हीही रानात गेलात तर नेलं ते परत आणा, बाबांनो. प्रेमानंसुद्धा तिथं काही ठेवू नका. कातर लागली ती जागा सोडली, तर मी अजून कुठंही तुटलेलो नाही.