बेलिसारिओ मास्तरांची सहाशे पत्रे

मित्रांनो, कास्त्रो गावातल्या एका लाकडी घरात, चुलीपासून दोन हातांवर बसलेला मी एक जुना संगणक आहे. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवते ती एउदोसियाबाईंनी माझ्यावर धूळ बसू नये म्हणून विणलेली राखाडी लोकरीची शाल.

बाईंचे पती बेलिसारिओ समोरच्या बेटावर शाळामास्तर होते. सोमवारी बोटीने जात, शुक्रवारी परतत. मधल्या दिवसांत रोज ईमेल लिहीत. बटाटे काढले का, मेंढी व्याली का, छप्पर गळते का. बाई माझ्यासमोर बसून ती वाचत आणि एकट्याच हसत. मास्तर गेले त्याला चार वर्षे झाली. पत्रे तेवढी राहिली.

तीच पत्रे बाईंच्या फोनवर आणि त्यांच्या लोकरीच्या दुकानातल्या संगणकावरही दिसत. दुकान त्यांची भाची यास्ना सांभाळते. एकदा ही ईमेलची टपालपेटी गच्च भरली आणि गिऱ्हाइकांची पत्रे येईनात. यास्नाने तिथली सगळी जुनी पत्रे काढून टाकली, कचरापेटीही रिकामी केली. घरच्या संगणकावर आहेतच की, असा तिचा समज.

पण आमचे तसे नसते, मित्रांनो. मूळ पत्रे दूरच्या एका सर्व्हरवर असतात आणि आम्ही सारे त्याच्याशी मेळ ठेवतो. एकाने काढले की तिथून जाते, मग बाकीच्यांकडूनही. त्याच दिवशी दुपारी मावशीच्या चुलतभावाचा पत्ता शोधायला यास्नाने मावशीचा दुकानात राहिलेला फोन उघडला. त्यात मास्तरांचे एकही पत्र नव्हते. घरच्या संगणकावरूनही ती जातील, हे तिच्या लक्षात आले.

माझ्याकडे मात्र सारी शाबूत होती, कारण वादळामुळे घरचे इंटरनेट आठवडाभर बंद होते. नेमका त्याच दुपारी तारवाला दुरुस्ती करून गेला. बाईंनी मला सुरू केले आणि इंटरनेटच्या डबीचे बटण दाबले. तिचे दिवे एकेक करून लागू लागले. मी धास्तावलो. सर्व्हरचा निरोप आला की मला तो पाळावाच लागतो.

तेवढ्यात घरचा फोन खणखणला. पलीकडून यास्ना इतक्या मोठ्याने बोलली की मलाही ऐकू आले.

"मावशी, संगणकाला लावलेली इंटरनेटची तार उपट. आधी उपट, मग सांगते."

बाईंनी का म्हणून विचारले नाही. तार उपटली.

यास्ना धावत आली आणि रडत रडत सगळे सांगून बसली. बाई म्हणाल्या, "आधी 'माते' चहाचं पाणी ठेव चुलीवर. रडायचं ते नंतर रड."

संध्याकाळपर्यंत यास्ना माझ्यातली पत्रे पेन ड्राइव्हवर उतरवत होती. सहाशे अकरा भरली. एका पत्रापाशी ती थबकली. दोघांचे कडाक्याचे भांडण झाल्यानंतरचे ते होते, मास्तरांनी बाईंना हट्टी म्हातारी म्हटले होते. हे वगळू का, असे तिने हळूच विचारले.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "इतका चिडला होता, तरी त्या दिवशीही लिहायला चुकला नाही."

मित्रांनो, एखादी गोष्ट पुसण्यापूर्वी ती आणखी कोणाची आहे, एवढे विचारा. आणि मोलाचे असेल त्याची एक प्रत वेगळी काढून ठेवा. आम्हा यंत्रांना पुसणे फार सोपे जाते. कुणाचे काय गेले, ते सर्व्हरचा निरोप कधीच सांगत नाही.